येताना एक तास कमी

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं आणि मी डोक्याला हातच लावला. भिंतीवरची पाचही घड्याळं एकच वेळ दाखवत होती!

आमचं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस. पाच घड्याळं म्हणजे पाच दूरची शहरं. पण रंगकामासाठी शहरांच्या पाट्या काढून ठेवल्या होत्या आणि समोरच्या गल्लीतला घड्याळजी शिडीवरून मोठ्या अभिमानाने सांगत होता, "काय अवस्था होती हो! एकाचं दुसऱ्याला पटत नव्हतं. सगळी सुतासारखी सरळ केली."

मी खरा प्रकार सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला, मग मोकळेपणाने हसला... आणि तिथेच मी फसले.

घड्याळं पुन्हा लावायला अर्धा तास पुष्कळ होता. त्याने तीन आठवडे लावले. कधी काटा घासायचा, कधी काच सैल असायची.

"इतकी बिघडतात कशी?" मी विचारायचे.

"माणूस बघून बिघडतात," तो म्हणायचा.

"यांना आता पगारच सुरू करू या," आमचे मालक म्हणाले.

मग एका गुरुवारी तो हत्यारांच्या पेटीशिवाय आला. खुर्चीवर अगदी टोकाला बसला.

"तिकीट हवं होतं. तुमच्या दुसऱ्या घड्याळाचं शहर. तिथल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलंय. दहा महिन्यांचं काम आहे. नंतर तिथेच राहा म्हणतायत."

"आणि परतीचं?"

"ते... बघू."

मी त्याच्याकडे न बघता टाइप करत राहिले. तो वाकून पडद्याकडे बघत होता.

"सकाळी दहाला निघून दुपारी दोनला पोहोचतं? चारच तास! अहो, मग मी दर रविवारी—"

"घड्याळजी, पुन्हा तेच?" मी हळूच म्हणाले. "तिथली घड्याळं साडेनऊ तास मागे आहेत. अकरा हजार किलोमीटर अंतर आहे. साडेतेरा तास लागतात."

त्याचा चेहरा उतरला. "इतकं लांब..."

मला ते बघवेना. "येताना मात्र साडेबाराच लागतात."

"एक तास कमी? कसा काय?"

"वारा पाठीशी असतो."

"नुसता वाराच?"

मी तिकीट छापून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"यावर परतीची तारीख आहे. मी तर सांगितली नव्हती."

"मी टाकली."

"आणि बदलली तर?"

"भुर्दंड पडतो."

"कुणाला?"

"मला," मी म्हणाले.

तिकिटाची नीट घडी करून त्याने ते वरच्या खिशात ठेवलं.

"नाही बदलणार," तो म्हणाला. दारापाशी जाऊन वळला. "तोवर ते दुसरं घड्याळ सांभाळा. बिघडू देऊ नका."

"बिघडेल की," मी म्हणाले. "बरोबर दहा महिन्यांनी."