उतरती शेपटी

"तुमच्या गाडीची मागची बाजू धोक्याची आहे," पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसाला मी म्हणाले.

तो वळला. त्याच्या जुन्या गाडीच्या लांब, उतरत्या पाठीवरून पावसाचे थेंब अजून ओघळत होते. "नमस्कार वगैरे काही नाही? एकदम तोफच?"

"नमस्कार. वेगात मागची चाकं हलकी होतील."

मी प्रयोगशाळेत गाड्यांवर वारा सोडून हवा कुठून कशी जाते ते पाहते. बोलण्यात तेवढी तरबेज नाही. तो पत्र्याचं काम करणारा. गाडी त्याच्या आत्याची, आणि ती शेपटी त्याने अख्खा हिवाळा ठोकून घडवलेली. रविवारी आत्या ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवणार होती.

"दाखवा सिद्ध करून," तो म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर आम्ही त्या पाठीवर लोकरीचे तुकडे चिकटवले. हवा जाईल तशी लोकर उडते. एकाच चिकटपट्टीसाठी दोघांचे हात पुढे आले, दोघांनीही मागे घेतले... पट्टी खाली पडली.

"असंच चाललं तर शर्यत संपेल, पण लोकर चिकटायची नाही," आत्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आम्ही दुसऱ्या गाडीतून त्यांच्या बाजूने निघालो. तो चालवत होता, मी बघत होते. लोकर पार टोकापर्यंत सरळ, शांत.

"बघा! विंचरल्यासारखी. कुठे आहे गडबड?"

"तीच गडबड आहे. हवा उताराला चिकटून खाली वळते आणि गाडीला मागून वर उचलते. शेपटी मध्येच सरळ कापली, तर हवा तिथेच सुटेल."

"कापायची?" त्याचा आवाज बदलला. "तुम्हाला काही कल्पना आहे का..."

होती. गप्प बसले असते, तर संध्याकाळपर्यंत तो असाच हसत बोलत राहिला असता.

"आहे," मी म्हणाले. "तरी कापा."

तेवढ्यात वळणावर आत्यांच्या गाडीचं मागचं अंग सरकलं. त्यांनी सावरलं, गाडी थांबवली, उतरल्या. "काही झालं नाही," म्हणाल्या. पण किल्ली त्याच्या हातात ठेवली.

गॅरेजमध्ये त्याने मुकाट्याने खडू माझ्या हातात दिला. मी रेघ मारली. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या... मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापलेल्या टोकाला, मी सांगितली तशी, त्याने जराशी वर उचललेली कड बसवली.

शनिवारी आत्या त्याच वळणावरून भरधाव गेल्या. गाडी रस्त्याला घट्ट धरून राहिली.

माझं काम संपलं होतं. मी सामान आवरू लागले.

"रागावलात ना?" मी विचारलं.

"शेपटी गेली म्हणून, हो. तुमच्यावरही रागावून पाहिलं — जमलं नाही."

मी उरलेली लोकर गुंडाळत राहिले.

"आत्या म्हणते, उद्या शर्यतीनंतर तुम्हाला जेवायला बोलाव."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी..." त्याने हात पुसले. ते आधीच स्वच्छ होते. "मी म्हणतो, उद्याच कशाला? रोज या."

मोजमाप न करता मी सहसा कशालाच उत्तर देत नाही.

"येईन," मी म्हणाले.