जुळ्याचं केळवण

सांगली महापालिकेच्या समता प्रयोगशाळेत त्या सकाळी तिघं जण एका पडद्याकडे डोळे लावून बसले होते. हळदीच्या कंपनीत भेसळ तपासणारी हेमलता बिरनाळे, तिला कामावरून काढणाऱ्या ‘टिकावमापक’ यंत्राचा जनक, त्याच कंपनीतला श्रीपाद मगदूम, आणि महापालिकेच्या परीक्षक इंदुमती चौगुले.

शहराचा नियम साधा होता. जोडीदार बाई की पुरुष, यावरून कुणाची नोकरी घालवायची नाही. पण हल्ली माणसं काढायचं काम यंत्रं करायची, आणि यंत्राच्या मनात शिरायचं कसं, सांगा! म्हणून ‘अंकजुळं’ निघालं. माणसाच्या सगळ्या नोंदींची हुबेहूब नक्कल, फरक एकच. हेमलताच्या जुळ्याला शर्वरीऐवजी शरद नावाचा जोडीदार दिला होता. जुळं टिकलं आणि हेमलता गेली, तर बडतर्फी रद्द. पन्नासच्या खाली गुण म्हणजे घरी जायचं.

आकडे उमटले. हेमलता एक्केचाळीस. जुळंही एक्केचाळीस.

“बघा!” मगदूमने मांडीवर थाप मारली. “घसा फोडून सांगत होतो. आमच्या यंत्राला बाई-पुरुष कळतच नाही हो! माणूस इथे किती रुजलाय, तेवढंच ते मोजतं.”

हेमलताचा चेहरा उतरला. अकरा वर्षं नुसत्या वासावरून तिने भेसळ पकडली होती. दुसरं काम तिला येतही नव्हतं आणि नकोही होतं.

चौगुलेबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “गुण कमी कुठे पडले?”

“रुजवणीच्या रकान्यात. सहकाऱ्यांनी या बाईंसाठी किती कार्यक्रम केले? शून्य. केळवण नाही, डोहाळजेवण नाही. अशी माणसं नोकरी सोडून जातात.”

“मी एकवीस केळवणं केलीत,” हेमलता एकदम म्हणाली. “पुरणपोळ्या माझ्या हातच्या. प्रत्येकाला ‘नाव घे, नाव घे’ म्हणून सतावलंय. मला कुणी कधी म्हणालंच नाही. शर्वरीशी घर मांडलं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नाही.”

मगदूमने मान डोलावली. स्वतःच्या केळवणात त्याने तिच्याच चार पोळ्या चापल्या होत्या.

“अगंबाई, म्हणजे चूक माझीच,” चौगुलेबाई म्हणाल्या. “मी जुळ्याला नुसता नवरा दिला, त्याच्यामागून येणारं जगणं दिलंच नाही. मगदूम, तुमच्याकडे लग्न ठरलेल्या किती जणांचं केळवण झालं?”

“सगळ्यांचं.”

“मग जुळ्याचंही झालं असतं.”

त्यांनी तशी नोंद भरली. जुळ्याचे गुण झाले एकोणऐंशी.

“थांबा!” मगदूम उसळला. “आता माझं जुळं काढा. जोडीदार पुरुष द्या. माझे गुण ब्याण्णव आहेत, कष्टाचे आहेत. ढळायचे नाहीत!”

बाईंनी जुळं काढलं. केळवण गेलं, बारसं गेलं, सहकाऱ्यांनी केलेलं सगळं कौतुक गेलं. पडद्यावर आकडा आला अडतीस.

मगदूम बघतच राहिला. “मलाच काढलं की ओ यानं!”

“कष्ट तेवढेच आहेत तुमचे,” बाई म्हणाल्या. “पंगती तेवढ्या गेल्या.”

बडतर्फी तिथल्या तिथे रद्द झाली. हेमलता रडली, अगदी मनसोक्त. मगदूमला मात्र चैन पडेना. “मॅडम, रकाना तसाच ठेवला तर पुढच्या तिमाहीत यंत्र हेमाताईंना परत काढेल. मी तो रकानाच उडवतो.” आणि त्याने त्याच दिवशी उडवला.

पंधरा दिवसांनी तपासणी विभागात भर दुपारी राहून गेलेल्या केळवणाची पंगत बसली. हेमलता आणि शर्वरी पाटावर, पुढे रांगोळी. पुरणपोळ्या मगदूमने लाटल्या होत्या. निम्म्या फुटल्या होत्या, पण नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

“हेमाताई, नाव घ्या!” मगदूमच आधी ओरडला. मग सगळेच ओरडले.

हेमलताने पदर सावरला. अकरा वर्षं मनात तयार असलेला उखाणा तिने घेतला:

“कृष्णाकाठची हळद, राजापुरी तिचा वाण,
शर्वरीचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान!”

त्या केळवणाची नोंद यंत्रात कुठेच नाही. गुण द्यायला रकानाच उरला नव्हता. तरी जेवायला सगळे होते.