तबकातले हात

१९१८ सालच्या मानमोडी तापाच्या साथीतली गोष्ट. त्या वर्षी बेळगावात माणसं पटापट जात होती आणि मागं राहिलेली फोटोच्या दुकानात येत होती. गेलेल्यानं कधीतरी हौसेनं फोटो काढलेला असला, की त्याची काच, म्हणजे निगेटिव्ह, दुकानात जपलेली असे. आता घरोघर तिच्या प्रती हव्या असत. त्या छापून छापून दुकानातला सुबराव पार पिचून गेला होता. फोटो उमटवायच्या औषधी पाण्यानं त्याची बोटं केव्हाच काळी पडली होती. साबण लावा, राख लावा, डाग हटत नसे. सासरवाडीला त्याला ‘काळ्या बोटांचं पाव्हणं’ म्हणून चिडवत.

त्यात बायको, मनुबाई, घरी तापानं पडलेली. आज लवकर सुटून तिच्या उशाशी बसायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तेवढ्यात वडगावची अंजनी आली. तिचा विणकर नवरा परशराम नुकताच गेला होता.

“दहाव्याला भावकीत समद्यास्नी फोटू द्याचाय,” ती म्हणाली. मग दारातच घुटमळली. “आण्णा, फोटू अंधारात छापतासा म्हनं? दहाव्यापतोर दिवा इझू देत न्हाय आमी. त्यास्नी अंधाराचं लई भ्या वाटायचं. दिवा तेवढा इझू देऊ नगासा.”

“आत लाल कंदील असतोय, आक्का. इझत न्हाय त्यो.” सुबरावला बोलायचंही अगदी जिवावर आलं होतं.

अंजनी पायरीवर बसून राहिली. त्यानं अंधारखोलीची कडी आतून लावली. एकेक प्रत वेगळी करायची तर तिन्हीसांज झाली असती, म्हणून त्यानं घाईची रीत धरली. काचेला कागद लावायचा, उजेड दाखवायचा, डब्यात बंद करायचा. सगळे झाले की एकदम औषधी पाण्याच्या तबकात सोडायचे आणि तळातला कागद काढून वर ठेवत राहायचं, म्हणजे सगळे सारखे उमटतात. या रीतीत खोट एकच. कागद पाण्यात पडले की मध्ये थांबता येत नाही.

कागद पाण्यात पडले आणि कंदील फडफडला. लढाईपायी रॉकेल मिळत नव्हतं, आणि होतं तेवढं घालायचंही तो कंटाळ्यानं विसरला होता. कंदील विझला.

दार उघडलं असतं तर सगळे कागद वाया गेले असते. “माफ कर बाबा,” तो पुटपुटला आणि चाचपडत तळातला कागद वर घेऊ लागला. तळातला वर, तळातला वर. आंबूस वास, पाण्याची चुळुकचुळुक. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना.

मग तळातला कागद आपणहून वर आला. कुणीतरी तो अलगद त्याच्या हातात दिला.

दुसराही आला. मग पुढचा, मागावर धोटा फिरावा तशा लयीत. तबकापलीकडं तर नुसती भिंत होती. एकदा बोटांना बोटं लागली. गार, आणि सुतानं घट्टे पडलेली.

“मष्णू... तू हाईस काय रं?”

मष्णू दुकानातला जोडीदार. पण कडी आतून होती. सुबरावनं हात काढून घ्यायला हवा होता. खरं सांगायचं तर तो इतका दमला होता, की भीतीच्या आधी त्याला बरंच वाटलं. कुणीतरी कामाला हात लावत होतं.

प्रती उत्तम निघाल्या, सगळ्या एकसारख्या. त्या वाळत घालून तो बाहेर आला.

“दिवा व्हता न्हवं, आण्णा?” अंजनीनं विचारलं.

“व्हता की,” सुबराव म्हणाला आणि तिच्याकडं न बघता त्यानं घरची वाट धरली.

घरी शेजारणीनं दिवा लावून ठेवला होता. सुबरावनं मनुबाईच्या कपाळाला हात लावला. ताप उतरला होता. त्याचे डोळे भरून आले.

“बरं हाय आता,” ती हसली. “मगाशी किती येळ हात धरून बसलासा. गार हात तुमचा... आन् दिवा जवळ घे म्हनत व्हतासा.”

“मी आत्ताच येतोय, मनू...”

“चेष्टा नगं. पानी द्या.”

तांब्या घ्यायला तिनं गोधडीतून हात बाहेर काढला. पाचही बोटं टोकाशी काळी होती.

सुबरावनं राख आणली, चोळचोळ चोळली. डाग हटेना. तोवर मनुबाईचा डोळा लागला होता. कोनाड्यातला दिवा फडफडला.

“दिवा तेवढा इझू देऊ नगासा, आण्णा...” ती झोपेतच म्हणाली.

नवऱ्याला ती आण्णा कधीच म्हणत नसे. सुबरावनं धावत जाऊन तेलाची बाटली उचलली. बाटली कोरडी होती.