दगडातला खळगा

जुन्या बाजारात ती धार लावायचे दगड डोळे मिटून बघायची.

म्हणजे ढिगाऱ्याशी उकिडवी बसायची, एकेक दगड उचलायची, डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायची आणि परत ठेवून द्यायची. असे सात दगड परत गेल्यावर शेजारच्या बाइंडरला राहवेना. पुस्तकांच्या बांधणीचं चामडं तासायला त्याला जुना वस्तरा लागायचा, वस्तऱ्याला चांगला दगड लागायचा, म्हणून तो दर रविवारी इथं पडीक असायचा.

"अहो, दगड झोपेत निवडतात हे मला आजच कळलं," तो म्हणाला.

तिनं एकच डोळा उघडला. "आणि लोक आगाऊपणा करायला इतक्या सकाळी उठतात, हे मला आजच कळलं."

झालं! गडी तिथंच गारद.

खरं काय ते तिनं तिसऱ्या रविवारी सांगितलं, चहा पिताना. वडिलांचं एका खुर्चीचं सलून होतं, चाळीस वर्षं. नजर गेली, दुकान बंद झालं आणि भावानं सगळं सामान एका रकमेत भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्यात बाबांचा दगडही गेला.

"रागावले नाहीत हो ते... तेच सहन होत नाही. नुसते बसून असतात, आणि अंगठा आपला तळहातावर फिरत असतो. एकदा तो दगड त्यांच्या हातात द्यायचाय मला. बस."

"खूण काय?"

"राखाडी. कोपऱ्याचा टवका उडालेला. आणि मागे खिळ्यानं कोरलेल्या तीन रेघा. आम्ही तीन भावंडं ना!"

पाच महिने दोघांनी बाजार पालथा घातला. एकदा पावसानं गाठलं, तेव्हा एकाच प्लास्टिकखाली अर्धा तास उभे राहिले. तिच्या ओल्या बाहीचा गारवा त्याच्या हाताला लागत होता... आणि हा शहाणा तिला दगडांच्या जाती समजावत होता!

अन् एके दिवशी, बाजार नसताना, आडवारी, एका भंगाराच्या गोदामात पातेल्यांखाली त्याला तो दगड सापडला. टवका होता. तीन रेघा होत्या.

तेव्हाच फोन करायचा की नाही? पण दगड मिळाला म्हणजे रविवार संपले, हे त्याला कळत होतं. शिवाय दगड मधोमध पार खोल गेलेला. धार लावणाऱ्या माणसाला असा दगड बघवत नाही. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सहा संध्याकाळ त्यानं तो घासला. जीव ओतून घासला. आरशासारखा सपाट केला आणि रविवारी तिच्या हातात ठेवला.

रेघा दिसताच तिचा हात तोंडावर गेला. मग तिनं दगड उलटला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"खळगा कुठाय?"

"तो... काढला मी. सपाट केला."

"चाळीस वर्षं घासून पडला होता हो तो," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "मी तोच शोधत होते."

पाच महिने तिचा अंगठा काय शोधत होता, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"मी येतो. काकांना मीच सांगतो."

"काही सांगायचं नाही! दुसराच दगड आणलाय म्हणू."

घरी वडील खिडकीशी बसले होते. तिनं दगड त्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा मधोमध गेला आणि थबकला.

"छान आहे गं. माझा नाही पण."

"नाही बाबा, तुमचा नाही मिळाला," ती म्हणाली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच्यानं गप्प बसवेना. "तुमचाच आहे, काका. मागे हात लावून बघा. मी घासून सपाट केला. चुकलो."

तिनं मान फिरवली. म्हाताऱ्या बोटांनी तीन रेघा मोजल्या, एकदा, दोनदा.

"खळगा पडू देणं म्हणजे न्हाव्याचा आळस," वडील अखेर म्हणाले. "लाज वाटायची मला त्याची. गिऱ्हाइकांतून सवड मिळाली नाही कधी." आणि मग हळूच, "पण बोट जायचं रे तिथं आपोआप..." त्यांचे डोळे भरून आले.

तो जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसला. "काका, पुन्हा पडायला किती वर्षं लागतील?"

"रोज घासलास तर? वीस तरी."

"मग मी रोज येतो," तो म्हणाला. बोलत होता वडिलांशी. बघत होता तिच्याकडे. "इथंच बसून वस्तऱ्याला धार लावीन. वीस तर वीस."

वडिलांना दिसत नव्हतं, तरी कुणाला काय विचारलं जातंय ते त्यांना नेमकं कळलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"रोज म्हणजे... रविवारीसुद्धा?"

"रविवारी बाजार असतो ना."

"असू दे की," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच एकेरीवर आली. "आता तिथं काय शोधायचंय तुला?"