खांडीत बसलेली बेडकी

रेवसजवळच्या आमच्या खारात, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीत, बांध फुटून खांड पडली होती, आणि दुपारची भरती चढायच्या आत ती बुजवायची होती. त्यात अमावस्येचं उधाण! खाडीचं पाणी भातात शिरलं की आयचं शेत काही वर्षं मेलंच म्हणून समजा.

खांड पडली की हाळी घालायची आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर हजर, ही आमच्याकडची रीत. आयने, म्हणजे सखुबाईने, सकाळी घसा फुटेस्तोवर हाळी घातली. आला एकटा दादूकाका, त्याचं शेत आमच्या शेजारी म्हणून. बाकीच्यांची जमीन प्लॉटवाल्याला द्यायची बोलणी चाललेली. माझा चुलतभाऊ सदा ओट्यावर चहा पीत होता. शेतं खारावली की आय आणि दादूकाकाही मुकाट विकतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेल्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी काशीदला पर्यटकांना आठचाकी गाडीतून फिरवते. वाळू, चिखल, तिला काहीही चालतं, पाण्यात तर तरंगते. गाव तिला बेडकी म्हणतं. माझं पोट तिच्यावरच आहे. तिला टेम्पोत घालून आणली, चाकांतली हवा कमी केली, वरून रबरी पट्टे चढवले, पुढच्या विंचचा, म्हणजे गाडी ओढून काढायच्या यंत्राचा, दोर ओढून बघितला. आत साचलेलं पाणी सोडायला तळाला, सीटखाली भोकं असतात, त्यांची बुचं पिळून घट्ट केली. ती सैल राहिली तर बेडकी बुडालीच. मागे चिकणमातीची पोती रचली, त्यांच्यावर आय फतकल मारून बसली आणि दादूकाका माझ्या शेजारी.

बांध पावसाने भिजून लिबलिबीत झालेला, त्यावरून गाडी नेली असती तर तोच ढासळला असता. म्हणून बाहेरून, खाडीच्या बाजूच्या तिवरांच्या झाडीतून निघालो. काळा, कुजकट वासाचा चिखल पट्ट्यांखाली चपचप करत होता आणि तिवरांची टोकेरी मुळं गाडीच्या पोटाला खरवडत होती. मध्येच पुढचं तोंड खचलं. पट्टे नुसते जागच्या जागी फिरायला लागले! दादूकाका कमरेएवढ्या गाळात उतरला, त्याने दोर तिवराला बांधला. विंच ओढायला लागली. तिवर मुळासकट उपटून आलं! दुसऱ्या खेपेला त्याने दोर एकदम चार झाडांना मिळून गुंडाळला. बेडकी हिसका देऊन सुटली आणि थेट खाडीत तरंगायला लागली.

खांडीशी पोचलो तेव्हा पाणी आत शिरायला लागलेलं. पहिलं पोतं टाकलं, वाहून गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं! पाणी आयच्या भाताच्या बुडख्याशी पोचलं होतं.

खांड बेडकीच्या लांबीपेक्षा थोडी कमी होती. मी ते बघितलं. दोघांना बांधावर उतरवलं, गाडी आडवी केली. लोंढ्याने ती खांडीच्या दोन्ही कडांवर दाबून धरली. पण तरंगत होती, आणि खालून पाणी चाललेलंच. मी सीटखाली हात घातला.

आयला कळलं. "रतन, गाडी गेली तर तू खाशील काय?"

"भात," मी म्हटलं आणि बुचं उपसली.

पाणी उसळून आत आलं. मी बांधावर उडी मारली. बेडकी गुळगुळ करत खाली बसली, पोत्यांच्या वजनाने गाळात रुतली. लोंढ्याची नुसती धार राहिली. फटींत तिघांनी हातांनी माती कोंबली. भरती उतरेपर्यंत बांध टिकला.

संध्याकाळी सगळा गाव आला. पोराटोरांसकट! जो तो बुडालेल्या बेडकीचे फोटो काढत होता. सदा मला म्हणाला की लय भारी काम केलंस. मी त्याला सांगितलं की रात्री पुन्हा भरती आहे, अजून माती पडली पाहिजे. त्याने मोबाइल खिशात घातला आणि गेला. त्यांच्यातल्या एकाच्याही हातात घमेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालेल्या शिव्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघंच माती टाकत होतो.

भात वाचलं. बेडकी अजून खांडीतच आहे. तिला काढली तर बांध जाईल.

दरवर्षी नवा तांदूळ आला की आय घरटी सूपभर वाटते. यंदा ती दादूकाकाकडे सूप रिकामं करून आली आणि तिने ते खुंटीला अडकवून ठेवलं.