विरजण लावलेला आवाज

चिवड्यानं पोह्यांच्या ताटलीकडे बघितलं, मग केतकीकडे बघितलं, आणि त्याच्या गळ्यातला बोलपट्टा म्हणाला, "अजून."

मिरजेतल्या आवटींच्या घरात याचं आता कुणालाच नवल उरलं नव्हतं. कुत्रा घरी येऊन उणेपुरे अठरा दिवस झाले होते, पण आई त्याला "आत्ताच तर खाल्लंस" असं शेजारणीला सुनवावं तसं सुनवायची आणि पप्पा मॅच बघताना त्याचं मत विचारायचे. निवारा केंद्रातून कुत्रा दत्तक घेतला की पट्टा सोबत मिळायचाच. दोन बोटं रुंद, आतून मऊ. कुत्र्याच्या हृदयाचे ठोके, श्वास, घशातली थरथर, मानेच्या स्नायूंचा ताण असं सगळं तो टिपायचा, त्याची शब्दांशी सांगड घालायचा आणि शर्टाच्या बटणाएवढ्या स्पीकरमधून बोलायचा. एका वेळी एखाद-दोन शब्द, बस्स.

केतकी नववीत होती आणि चिवडा हा तिचा आजवरचा सर्वांत मोठा विजय होता. पिवळा, तपकिरी, मध्येच काळे ठिपके, म्हणून चिवडा. त्याच्यासाठी तिनं दोन वर्षं आईचं डोकं खाल्लं होतं. पहिल्याच दिवशी तो तिला "माझी" म्हणाला, हे तिनं वर्गात इतक्या वेळा सांगितलं होतं की मागच्या बाकावरून आता जांभया यायच्या.

त्या सकाळी पोहे संपवून चिवडा दाराशी जाऊन बसला. पट्टा म्हणाला, "अप्पा उठले?"

घरात अप्पा नावाचं कुणी नव्हतं. केतकीनं ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या तीन सकाळी तेच. चौथ्या दिवशी तर, "जिना. जपून. अप्पा पडले." आवटींचं घर तळमजल्यावर. चिवड्यानं इथे जिना पाहिलासुद्धा नव्हता.

केतकीच्या मनात पाल चुकचुकली. केंद्राच्या कागदावर लिहिलं होतं की कालव्याच्या पुलाखाली सापडलेलं पिल्लू, आधी कुठल्याच घरात राहिलेलं नाही. मग हे अप्पा कोण? एखादा म्हातारा जिन्यावरून पडला असेल, दवाखान्यात गेला असेल, आणि मागे त्याचा कुत्रा कुणी परस्पर उचलून केंद्रात दिला असेल. कागद खोटे असतील. तो म्हातारा बरा होऊन कुठेतरी याची वाट बघत असेल. आणि तसं असेल तर चिवडा परत द्यावा लागेल. एवढ्यावर येऊन तिचं डोकं थांबायचं, पुढे जायलाच तयार नसायचं.

आईला तिनं हे सांगितलं, तर आई म्हणाली की तुला सगळ्यातच भानगड दिसते, मागच्या वर्षी दूधवाल्यावर पाळत ठेवली होतीस.

रविवारी लसीकरणाच्या रांगेत त्यांच्यापुढे सलगरे काकू होत्या. त्यांचा भलाथोरला काळा कुत्रा ढब्बू त्याच केंद्रातून आणलेला. काकू त्याचं गुणगान गात असताना ढब्बूनं दाराकडे मान वळवली आणि त्याचा पट्टा म्हणाला, "अप्पा उठले?"

तेच शब्द, आणि मध्ये तशीच अर्धी उसंत.

"हा असं कधीपासून म्हणतो, काकू?"

"पहिल्या दिवसापासून." काकू कौतुकानं फुलून आल्या. "आमच्या ह्यांना गल्लीत सगळे अप्पाच म्हणतात ना. बघ की, न सांगता ओळखलं. ते जिना उतरायला लागले की काळजी करतो त्यांची. पोटच्या पोरांनी कधी केली नाही एवढी."

ढब्बू जयसिंगपूरच्या बाजारात सापडला होता. दोन गावचे दोन कुत्रे, आणि आठवण एकच. केतकीची चोरीची गोष्ट तिथेच कोसळली. संशय मात्र गेला नाही, तो चिवड्यावरून उठला आणि पट्ट्यावर जाऊन बसला.

घरी येताच तिनं चिवड्याचा पट्टा सोडला, बाथरूमची कडी लावली आणि तो स्वतःच्या गळ्यात बांधला. आरशासमोर ती श्वास रोखून उभी राहिली. अर्धं मिनिट काहीच नाही. मग तिच्याच हनुवटीखालून तो लाडका आवाज आला, "माझी." थोड्या वेळानं, "अप्पा उठले?"

तिनं घाईघाईनं पट्टा सोडला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आई तिला आणि चिवड्याला घेऊन केंद्रावर गेली. तिथल्या शमीम मॅडम पन्नाशीच्या, मनगटावर कुत्र्यांच्या जुन्या चाव्यांचे व्रण. केतकीनं रस्ताभर भाषण पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, चिवडा बोलतच नाही. नुसता पट्टा बोलतो."

मॅडमनी नाकारलं नाही. त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"नुसत्या दुधाचं दही होतं का, बाळा? विरजण लावावं लागतं. आम्ही तेच करतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोरा पट्टा महिना-दीड महिना गप्प असतो, त्या कुत्र्याला शिकत असतो. लोकांना दम निघत नव्हता. 'बोलत नाही' म्हणून पहिल्या वर्षी एकोणीस कुत्रे परत आले होते. तेव्हा केंद्रात लाली नावाची म्हातारी कुत्री होती. तिचे अप्पा जिन्यावरून पडून गेले, आणि पुढे रोज सकाळी ती दाराशी बसून त्यांची वाट बघायची. तिचा पट्टा मुरलेला होता, गोड बोलायचा. त्यातलं थोडं थोडं प्रत्येक नव्या पट्ट्यात घातलं. नवा कुत्रा हळूहळू त्यात उतरेल आणि लाली विरून जाईल, असा अंदाज होता.

"विरजण जास्त पडलं," आई हळूच म्हणाली.

"आणि 'माझी'?" केतकीनं विचारलं.

"लाली सगळ्यांनाच म्हणायची."

लाली जाऊन वर्ष झालं होतं. म्हणजे नसलेली कुत्री नसलेल्या माणसाची चौकशी साठ घरांत रोज सकाळी करत होती, आणि प्रत्येक घराला ती आपल्याच कुत्र्याची वाटत होती.

"पट्टा कोरा करून देते," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या करारातलं कलम आठवतं ना? कुत्रा लागोपाठ तीन दिवस 'नको' म्हणाला, तर त्याला परत आणायचं. लाली माणसाला कधी नको म्हणाली नाही. चिवडा काय म्हणेल, ते मी सांगू शकत नाही."

आईनं केतकीकडे बघितलं. घरात सुखानं चाललंय, ते कशाला मोडायचं, असं ती म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. केतकीनं चिवड्याकडे बघितलं. तो खुर्चीच्या पायाचा वास घेत होता.

"कोरा करा," ती म्हणाली.

घर एकदम सुनं झालं. पप्पा मॅच एकटेच बघू लागले. वर्गात कुणी विचारलं की केतकी विषय बदलायची. ती चिवड्याला नुसती बघत बसायची. आईनं केरसुणी उचलली की तो पलंगाखाली जातो, हे तिला आता दिसलं. पोह्यांतले शेंगदाणे तो बाजूला काढतो. दाराशी बसतो तो कुणाची वाट बघत नाही, फटीतून येणाऱ्या गार वाऱ्याला नाक लावतो. इतके दिवस हे सगळं डोळ्यांसमोर होतं, पण आवाज ऐकण्याच्या नादात कुणी बघितलंच नव्हतं.

पट्टा कोरा केल्यापासून एकतिसाव्या दिवशी दुपारी ती गणितं सोडवत असताना पट्ट्यावरचा छोटा दिवा पहिल्यांदा हिरवा झाला, म्हणजे पट्टा आता बोलणार होता. 'नको' म्हणू नकोस, एवढं एकच तिच्या मनात घोळत राहिलं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई दारात येऊन उभी राहिली.

चिवड्यानं मान वर केली आणि तो केतकीकडे बघत राहिला, खूप वेळ, नजर न हलवता. मग एक खरखरीत, अनोळखी आवाज आला.

"कोण?"

केतकी वही ठेवून त्याच्यासमोर फरशीवर बसली. आपलं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. नाव सांगून त्याला काय कळणार होतं? तिनं आपला तळहात त्याच्या नाकासमोर धरला.