कागदावर नसलेला नियम

धुकं इतकं दाट होतं, की नायेफची जीप चुकीच्याच दारात येऊन थांबली.

"पेट्राच्या रस्त्यावरचं हॉटेल हेच ना?" त्याने विचारलं.

दार उघडणाऱ्या घैदाने आधी त्याच्यामागच्या दोन गारठलेल्या प्रवाशांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हॉटेल खाली, वळणावर. हे आमचं अतिथिघर. पण वाट चुकून आलेला माणूसही पाहुणाच असतो... या आत."

तो नोव्हेंबर होता. त्यानंतर नायेफ दर आठवड्याला प्रवासी घेऊन शोबक गावातल्या याच दारी वाट चुकायला लागला.

"धुकं," तो म्हणायचा.

"आज तर लख्ख ऊन आहे."

"मग ऊन डोळ्यांवर आलं असेल."

तिचे वडील हसून त्याच्यासाठी कॉफी ओतायचे. मार्चमध्ये ते गेले. शोकाचे चाळीस दिवस संपल्यावर घैदाने अतिथिघराचं दार पुन्हा उघडलं आणि कॉफीची किटली स्वतःच्या हातात घेतली. अम्मानच्या काकांना ते रुचलं नाही. एकट्या मुलीने हे घर चालवायचं नाही, असा त्यांचा निरोप आला. या गुरुवारी ते येणार होते, आणि जाताना घराला कुलूप लावून तिला सोबत नेणार होते.

मंगळवारी नायेफ आला. बरोबर एक वयस्क शिक्षिका आणि तिची बहीण. घैदाने भिंतीवरचा, वडिलांच्या अक्षरातला कागद त्यांना वाचून दाखवला. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. जेवावं उजव्या हाताने. परक्या स्त्रीपुढे पुरुषाने आपण होऊन हात पुढे करू नये. कॉफी दिली तर निदान एक कप प्यावी, आणि पुरे झाली की कप हलवून परत द्यावा. न हलवता दिला, तर यजमान ओततच राहतो.

मग तिने कॉफी ओतली. बिनकानाच्या छोट्या कपात, तळाशी जेमतेम. वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. नायेफने कप घेतला, आणि न पिता समोर चटईवर ठेवला.

घैदाचा हात थबकला.

"यांनी नियम मोडला," शिक्षिका म्हणाली. "कॉफी बिघडली का?"

"नाही..." घैदाचा आवाज हलका झाला. "हा नियम कागदावर नाही. पाहुण्यांना लागत नाही. ज्याचं यजमानाकडे काही मागणं असतं, तो ते मान्य होईपर्यंत कप उचलत नाही."

शिक्षिकेने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "आम्ही जरा अंगणातून समोरचा किल्ला पाहतो," ती म्हणाली आणि बहिणीला घेऊन उठली. दार तिने उघडंच ठेवलं.

"हा कप काकांसमोर ठेवायचा असतो, नायेफ. वडीलधारे घेऊन."

"गुरुवारी ठेवणारच आहे. माझ्या बाबांना सांगून झालंय. पण या घरात कॉफी तुम्ही ओतता... म्हणून आधी इथे."

ती निखाऱ्यांकडे पाहत राहिली. "मी अम्मानला गेले तर ही चूल विझेल. लग्न करून तुमच्या कराकला आले, तरी विझेलच."

"कराकची चूल सांभाळायला माझे दोन भाऊ आहेत. इथे कोण आहे? मी इथे येऊन राहीन म्हणतो. इथला रस्ता मला पाठ झालाय."

"चुकायचा पाठ झालाय."

तो हसला नाही. वाट पाहत राहिला. वडिलांच्या जागी बसून एखाद्याचं मागणं ऐकावं लागेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

कप गार झाला होता. तिने तो उचलून राखेत रिकामा केला, विसळला आणि ताजी कॉफी ओतली.

"काका लवकर मान्य करणार नाहीत. तेव्हा तुमचा कप तासभर तसाच राहिला, तरी उठायचं नाही."

"नाही उठणार."

"मग इथला... प्या."

तीन घोटांत त्याने कप संपवला आणि उजव्या हाताने पुढे केला. घैदा त्याच्या मनगटाकडे पाहत थांबली.

कप हलला नाही.

तिने पुन्हा ओतली.